बासष्ट फूट माळा

बासोड्याच्या दिवशी घरात गॅस पेटत नाही, म्हणून त्या दिवशी माणसं पेटली, असं उमाकांत पुढे कितीतरी महिने सांगत राहिले. सकाळी वेळेवर चहा मिळाला असता तर एवढं काही झालंच नसतं, हे त्यांचं ठाम मत.

निनादला चौथ्या वर्षी कांजिण्या आल्या, तेव्हा समोरच्या भाभीजींनी मधुमतीला शीतलामातेचं हे व्रत सांगितलं होतं. होळीनंतरच्या अष्टमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेलं थंडच खायचं. "हे आपल्यातलं नाही हं," असं मधुमती दर वर्षी न चुकता म्हणायची, आणि दर वर्षी न चुकता आदल्या संध्याकाळी पुऱ्या आणि पुए तळून, राबडी घोटून, दहीभातात साखर घालून ठेवायची. आता निनाद तेहेतीस वर्षांचा होता, कांजिण्या परत यायची काही शक्यता नव्हती, पण व्रत चालूच होतं.

तर त्या रविवारी मधुमती भाभीजींबरोबर देवळात गेली होती, उमाकांत चहासाठी मालवीय नगरच्या नाक्यावर गेले होते आणि जेवणाच्या टेबलावर पुऱ्यांच्या डब्याशेजारी कजोडमल मिस्त्रींचं एस्टिमेट पडलं होतं. निशिगंधाने ते तिसऱ्यांदा वाचलं.

दोन महिने ती या सीलिंगच्या मागे होती. आलेखाच्या कागदावर तिने हॉल काढला होता, अठरा बाय तेरा. छत मुळात साडेनऊ फुटांवर, म्हणून सगळीकडे पीओपी नाहीच. फक्त भिंतींच्या कडेने दोन फुटांची पट्टी, तिच्या आत लपवलेला पिवळसर उजेड, मधला स्लॅब तसाच मोकळा. पॅसेजला मात्र पूर्ण सीलिंग आणि चार गोल दिवे, कारण तिथे भरदुपारीही चाचपडत जावं लागायचं. दिवे, वायरिंग, रंग असं सगळं धरून बेरीज चौसष्ट हजार नऊशे साठ झाली होती. घरात पासष्ट हजार ठरले होते. उरलेल्या चाळीस रुपयांचा तिला फार अभिमान होता.

"निनाद, इकडे ये. हे बघ. 'हॉल, माला, चारों तरफ, 62 फुट.' दीडशेचा दर. नऊ हजार तीनशे!"

निनाद पुरी तोंडात घालत आला. "माला? हॉलमध्ये माला?"

"माळा," निशिगंधा सवयीने म्हणाली.

"तेच म्हणालो ना मी. माला."

निनादला ळ येत नव्हता. दोन वर्षांचा असताना तो जयपूरला आला आणि ळ बहुतेक वाटेत कुठेतरी राहिला. "आई, मला वेल नाही," असं तो अजूनही फोनवर सांगायचा. मधुमतीने त्याला लहानपणी केळं देण्याआधी केळं म्हणायला लावून पाहिलं होतं, तर त्याने केळी खाणंच सोडलं. शेवटी घरातल्या कानांनीच जमवून घेतलं. या घरात माला म्हणजे माळा, आणि माळा म्हणजे पॅसेजवरचा तो एकच, ज्याच्यावर सात खोकी होती. देवदारची, लोखंडी पट्ट्या मारलेली बदलीची खोकी. प्रत्येकावर काळ्या रंगात 'चिरमुले, सातारा'. आत काही नव्हतं. परत जाताना सामान भरायला लागतील म्हणून ती एकतीस वर्षं रिकामी ठेवली होती.

निशिगंधाच्या नकाशात तो माळा नव्हता. तो पाडल्याशिवाय पॅसेजमध्ये सीलिंग बसणारच नव्हतं. हे आईला सांगायचं काम निनादने स्वतःकडे घेतलं होतं.

"तू सांगितलंस का आईंना?"

"सांगणार होतो."

"मतलब नाही सांगितलंस." निशिगंधाने कागद टेबलावर ठेवला. "मंगळवारी मिस्त्री माप घ्यायला आले तेव्हा मी शाळेत शिकवायला गेले होते आणि आई एकट्या घरी होत्या. त्यांना कळलं असणार माळा जाणार म्हणून. आणि बघ त्यांनी काय केलं. एक माळा पाडायचा म्हणता ना, घ्या, हॉलभर माळा!"

"आई असं नाही करणार."

"मग कोणी केलं? मी?"

"मिस्त्रीजींना फोन कर ना."

"केला, चार वेळा. आज चाकसूला शीतलामातेचा मेळा आहे. त्यांचं गाव ते. संध्याकाळी आखणीची दोरी आणि प्रसाद घेऊन थेट इकडेच येतो म्हणाले होते. तोपर्यंत फोन कोण उचलतंय?"

निशिगंधा फौजेतल्या सुभेदारांची मुलगी. बारावीपर्यंत अकरा शाळा आणि नऊ क्वार्टर्स. क्वार्टरच्या भिंतीला हात लावायचा नाही, हे बाळकडू. स्वतःच्या घराच्या छताकडे बघत हे इथे, ते तिथे असं म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती. आईंना प्लॅन आवडला नसेल तर त्यांनी तोंडावर सांगायला हवं होतं, मिस्त्रीकडून असं परस्पर लिहून आणायला नको होतं. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात चहाने तरतरीत झालेले उमाकांत आले.

*

उमाकांतांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि चहाची सगळी तरतरी उतरली. ते खुर्चीत बसले.

"निशीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "हे तिनेच सांगितलेलं आहे."

निनाद चिडला. बाबा कधी नव्हे ते सुनेच्या बाजूने बोलत होते आणि तेही आईच्या विरुद्ध. "पण बाबा, बासष्ट फूट? हॉलच्या चारही बाजूंनी? घर आहे की गोदाम?"

"सामान बांधायला काढलं की जागा लागते." उमाकांतांनी चष्मा काढला. "आज ना उद्या सांगणारच होतो. काल दादाचा फोन होता साताऱ्याहून."

दादा म्हणजे रंगनाथ, उमाकांतांचे थोरले भाऊ. त्यांनी साताऱ्याच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या धाकट्या भावासाठी राखून ठेवल्या होत्या, तो निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं. आता चांगला भाडेकरू आला होता. येणार असाल तर या, नाहीतर पाडव्याला खोल्या त्याला देतो, असं दादांनी स्वच्छ सांगितलं होतं. पाडवा आठ दिवसांवर आला होता.

"तुम्ही काय म्हणालात?" निशिगंधाने विचारलं.

"काय म्हणणार? मधूला यायचंय म्हटलं. तिचा जीव साताऱ्यात आहे, हे काय दादाला माहीत नाही?"

निनादला हे वाक्य पाठ होतं. मोझॅक काढून संगमरवर घालायची गोष्ट निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, कशाला, मधूला परत जायचंय. गच्चीवर खोली काढायची होती तेव्हाही तेच. आणि खिळ्याचा नियम तर घर घेतल्या दिवसापासूनचा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, भोकं पडली की विकताना घराची किंमत पडते. कॅलेंडर विजेच्या बोर्डाच्या स्क्रूला अडकवलेलं असायचं. दसऱ्याचं तोरण सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलं जायचं आणि दुपारपर्यंत एका बाजूला लोंबायला लागायचं.

"बाबा, तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? बायको आहे माझी. मला कळत नाही?"

"मग सीलिंग कशाला करतोय आपण?"

"तुमच्यासाठी. तुम्ही इथेच राहणार. पण आता मला वाटतं, सध्या थांबवावं सगळं. तिला माळा हवा असेल तर तो पाडायचा नाही. जाताना तिचं मन दुखवायचं नाही मला."

आता निशिगंधाचं मन कसं फिरलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दहा मिनिटांपूर्वी ती सासूवर रुसलेली होती. तिने एस्टिमेट ओढून घेतलं आणि पेन उघडलं.

"थांबवायचं नाही," ती म्हणाली. "माळा करू या. पॅसेजचं सीलिंग आणि तिथले दिवे काढून टाकते, उरेल ते हॉलच्या माळ्याला. बासष्ट काय, सत्तर फूट करू. पण खोकी खाली काढायची नाहीत. आईंना जाऊ द्यायचं नाही, बाबा."

"अगं, पण तिला जायचंय!"

"मग मी बोलते त्यांच्याशी."

"मी बोलतो," निनाद म्हणाला.

"तू बोलणारच होतास," निशिगंधा म्हणाली. मग ती कागदाकडे बघत राहिली. "एक कळत नाही. दीडशे रुपये फुटाला माळा? एवढ्यात तर त्याची फळीसुद्धा येत नाही."

*

मधुमती मागच्या दाराने केव्हाच आली होती. देवळातून येताना ती नेहमी मागूनच यायची, चपला तिकडे ठेवता येतात म्हणून. हात धुऊन ती स्वयंपाकघरातच राबडीच्या पातेल्याशी उभी राहिली होती आणि ऐकत होती. चोरून ऐकणं बरं नव्हे, हे तिला माहीत होतं. पण एवढा वेळ या घरात फक्त तिच्याबद्दल बोलणं चालू आहे, असं आजवर झालं नव्हतं. आपल्याला काय काय हवंय ते ऐकून घ्यावं, असं तिला वाटलं.

माळ्याचा घोटाळा तिच्या पहिल्या मिनिटातच लक्षात आला होता. तिला हसू आलं होतं आणि ती तोंडाला पदर लावून थांबली होती.

मंगळवारी कजोडमल मिस्त्री आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले होते, "माजी, आजकाल के लोग सीधी पट्टी लगवाते हैं. पहले कोठियों में चारों तरफ माळा चलती थी, फूलों की. मेरे बाप के हाथ का साँचा पड़ा है घर में." त्यांनी माळा असं म्हटलं. ढूंढाडी बोलणारा चाकसूचा माणूस, त्याचा ळ अगदी स्वच्छ, कृष्णेच्या काठी बोलतात तसा. मधुमतीने त्यांना मुद्दाम बसवून घेतलं, पाणी दिलं, मग चहा दिला. काळा, थाळी, नाळ, जे सुचेल ते त्यांच्याकडून म्हणून घेतलं. मिस्त्रींना ही परीक्षा कशाची ते कळलं नाही, पण ते पास होत गेले. कुठलं फूल, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती गेंदा म्हणाली. झेंडू. एकशे ऐंशीचा दर तिने दीडशेवर आणला. पैसे ती आपल्या किटीच्या भिशीतून देणार होती, म्हणजे निशीचे चाळीस रुपये शाबूत राहिले असते. पण हे निशीला सांगायच्या आतच कागद आला होता.

इथवर सगळी गंमत होती. मग उमाकांत म्हणाले, मधूला यायचंय, तिचा जीव साताऱ्यात आहे.

मधुमतीने पातेल्यावर झाकण ठेवलं. आपला जीव साताऱ्यात आहे ही तिला बातमीच होती. तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. आई-वडील गेले होते. मैत्रिणींपैकी एक पुण्याला, एक मुलाकडे बंगळूरला. साताऱ्याला गेलं की चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी भाभीजींना फोन जायचा की माझ्या तुळशीला पाणी घाला. इतकी वर्षं संगमरवर नको, खोली नको, खिळा नको, हे सगळं तिने मुकाट्याने मानलं होतं, कारण तिला वाटायचं की यांना परत जायचंय. त्यांच्या डोक्यातलं साताऱ्याचं घर मोडू नये म्हणून तिने इथलं घर मांडलं नव्हतं. आणि हा माणूस खुशाल सांगतोय की मधूला यायचंय!

तिला राग आला, आणि रागाहून मोठं कुतूहल वाटलं. मी असं म्हटलं तरी कधी?

तिने राबडीच्या वाट्या भरल्या आणि ट्रे घेऊन बाहेर आली. निशिगंधाने एस्टिमेटवर पुऱ्यांचा डबा ठेवला.

"खाऊन घ्या," मधुमती म्हणाली. "थंड होतंय असं तर म्हणता येत नाही."

निनाद घसा साफ करू लागला आणि तेवढ्यात बेल वाजली.

*

कजोडमल मिस्त्री संध्याकाळऐवजी दुपारीच आले होते, कपाळावर गंध, एका हातात प्रसादाची पिशवी आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू. मेळ्याला फार गर्दी म्हणून पहाटेच दर्शन उरकलं, असं ते म्हणाले. त्यांनी मधुमतीच्या हातात प्रसाद दिला आणि टेबलावर ती वस्तू उघडली. हातभर लांबीचा पीओपीचा तुकडा होता. झेंडूची फुलं, एकाला एक लागून, मध्ये मध्ये आंब्याचं पान.

"माजी की माळा," ते म्हणाले. "नमूना. कल रात को ढाला है."

निशिगंधाने ते हातात घेतलं. मग सासूकडे पाहिलं, मग एस्टिमेटकडे. "माला," ती हळूच म्हणाली. "फूलवाली माला!"

"मग कसली असणार?" मधुमती म्हणाली.

"अगं, आम्हाला वाटलं..." उमाकांतांनी पॅसेजकडे बोट केलं.

"त्याला इथे टांड म्हणतात. एकतीस वर्षं झाली मला या गावात, मी मिस्त्रीला टांडला माळा म्हणेन? मला विचारायचं होतं एकाने तरी. घरातच होते मी. तुम्ही सगळे आपले खोक्यांवर चढून बसलात."

निनादने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो हसत होता. निशिगंधाही हसली आणि हसता हसता तिला रडू आलं, म्हणून ती मिस्त्रींना पाणी आणायला आत गेली. उमाकांत मात्र हसले नाहीत.

"म्हणजे तू आमचं सगळं ऐकलंस?"

"ऐकलं. एवढंच सांगा, मी परत जायचं कधी म्हटलं होतं?"

"चौऱ्याण्णव साली, जूनमध्ये," उमाकांत लगेच म्हणाले. त्यांना आठवावं लागलं नाही. "भाड्याच्या घराच्या गच्चीवर. निनाद मांडीवर होता. तू रडत होतीस. म्हणालीस, मला परत न्या, काय वाटेल ते करा पण परत न्या. मी म्हटलं, नेतो."

"अहो, तेव्हा सेहेचाळीस डिग्री होतं! कूलर जळला होता. पोराला घामोळं आलेलं. त्या दिवशी मी देवाकडे मरणसुद्धा मागितलं होतं. ते नाही धरून बसलात?"

"तू नंतर कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

उमाकांतांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. बायकोला दिलेला एक शब्द पाळायचा म्हणून ते या घरात वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे बसले होते. एक खिळा ठोकू दिला नव्हता. आणि आता कळत होतं की ज्याची वाट पाहिली ती गाडी तिला धरायचीच नव्हती.

"हे सगळं मी तुझ्यासाठी करत होतो," ते म्हणाले.

"आणि मी तुमच्यासाठी गप्प होते." तिचा आवाज खाली आला. "खरं सांगा. तुम्हाला जायचंय का? जायचं असेल तर माझ्या नावावर नको, तुमच्या नावावर सांगा. मी येईन."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उंची बघत असल्याचं दाखवत होते. निनाद हसायचा थांबला होता. पाण्याचा ग्लास हातात धरून निशिगंधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला पुढे येववेना.

उमाकांतांनी बराच विचार केला. नाक्यावरचा चहा आठवला, सकाळी बागेत पत्ते कुटणारे पाच जण आठवले. साताऱ्याच्या वरच्या खोल्या आठवल्या आणि त्यांचा जिना आठवला. "मला कधी प्रश्नच पडला नाही," ते म्हणाले. "ठरलेलं होतं ना."

मग ते उठले, फोन घेतला आणि सगळ्यांसमोरच लावला.

"दादा, उमाकांत बोलतोय. खोल्या दे त्या भाडेकरूला. हो, नक्की. नाही नाही, मधू नाही म्हणाली असं नाही. मी तिला विचारलंच नव्हतं." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. उमाकांत ऐकत राहिले. "हो, ऐकतोय. गाढव आहेच मी. मे महिन्यात येतो आम्ही पंधरा दिवस, तेव्हा समोर बसवून सांग."

फोन ठेवून ते उभेच राहिले. आता पुढे काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते मिस्त्रींना ठाऊक होतं.

"साब, वो टांड?"

"तोड दो," उमाकांत म्हणाले. "खोकी मी उतरवतो."

"और अभी दोरी बाँधनी है, माळा की सीध देखने को." मिस्त्रींनी खिशातून निळ्या पुडीत घोळलेली दोरी काढली आणि अडखळले. मंगळवारी त्यांना या घराचा नियम मधुमतीने सांगितलेला होता. "एक कील ठोकनी पड़ेगी. छोटी-सी."

निनादने बाबांकडे पाहिलं. उमाकांतांनी हात पुढे केला. मिस्त्रींनी त्यात हातोडी दिली, मग खिळा दिला. निशिगंधाने ग्लास ठेवला आणि स्टूल आणून दिलं. ते सांभाळून चढले, खिळा बोटात धरला आणि मागे वळून मधुमतीला विचारलं, "कुठे ठोकू?"

"तिथे नको. त्याच्या जरा डावीकडे," मधुमती म्हणाली. "नाही, तिथे नंतर दिसेल तो."

मग तिने त्या रिकाम्या भिंतीकडे नीट पाहिलं.

"दिसू दे. ठोका."